निकालात मार्क चुकले असतील तर: छायाप्रतीपासून लोकपालापर्यंतची वाट

टी.वाय.बी.एस्सी.च्या पाचव्या सेमिस्टरला मला फिजिकल केमिस्ट्रीत ७५ पैकी २४ मिळाले. पास व्हायला ३० हवे होते. बाकी सगळे विषय चांगल्या मार्कांनी सुटले होते आणि ज्या पेपरची सर्वांत जास्त खात्री होती त्याच्यापुढे ‘एफ’. घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, “तपासणाऱ्यांनी काहीतरी बघूनच दिले असतील ना.” दोन महिन्यांनी त्याच पेपरचे ४३ झाले.

त्याआधी एस.वाय.ला असाच एक पेपर माझ्या हातून गेला होता. तेव्हा मी छापील गुणपत्रिका कॉलेजात येण्याची वाट पाहत बसले. ती आली तोवर अर्जाची मुदत संपून तीन आठवडे झाले होते. त्या पेपरचं काय झालं होतं ते मला कधीच कळणार नाही, आणि ते आजही डाचतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

हे लेखन महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत आणि त्यांच्याशी संलग्न कॉलेजांत शिकणाऱ्यांसाठी आहे. प्रत्येक विद्यापीठाची मुदत, फी, पोर्टल आणि शब्द थोडे वेगळे असतात. वाट मात्र बरीचशी सारखीच आहे.

१. आधी ओळखा: नेमकं काय चुकलंय?

“माझ्यावर अन्याय झाला” हे वाक्य परीक्षा विभागात कुणाच्याही कामाचं नसतं. ते खरं असलं तरी त्याच्यावर शेरा मारून फाईल पुढे सरकवता येत नाही. “प्रश्न ४ (ब) पुरवणीत लिहिला आहे, तो तपासलेलाच नाही” या वाक्यावर सरकवता येते. तेव्हा तुमची तक्रार पुढीलपैकी कुठल्या प्रकारात बसते ते पहिल्यांदा ठरवा, कारण प्रत्येकाचा दरवाजा वेगळा आहे.

नोंदीची चूक. पेपर दिला आहे पण निकालात ‘एबी’, म्हणजे गैरहजर, दिसतंय. किंवा इंटर्नलचे मार्कच आलेले नाहीत, विषयाचा कोड भलताच लागलाय, निकाल राखून ठेवलाय. यासाठी पुनर्मूल्यांकनाचा, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घेण्याचा, अर्ज करू नका. पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातील. याला निकाल दुरुस्ती लागते आणि ती कॉलेजमार्फत होते.

बेरजेची किंवा तपासायचं राहून गेल्याची चूक. मार्क दिलेत पण पहिल्या पानावर चढवलेले नाहीत, बेरीज चुकली, एखादं पान उलटलंच नाही. याला गुणपडताळणी म्हणतात. पण मी तरी आधी छायाप्रत, म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत, मागवायला सांगेन.

मूल्यांकनाबद्दलचा मतभेद. उत्तर बरोबर आहे, सगळं तपासलं आहे, पण दहापैकी तीनच दिलेत. याला पुनर्मूल्यांकन.

इंटर्नल, प्रॅक्टिकल, तोंडी परीक्षा, प्रोजेक्ट, टर्म वर्क. यांचं पुनर्मूल्यांकन सहसा होतच नाही. त्यासाठी सातवा टप्पा पाहा.

आणि शेवटचा प्रकार: भेदभाव, आकस, धमकी. जातीवरून, धर्मावरून, भाषेवरून, किंवा आधी कुणाविरुद्ध तक्रार केली म्हणून मार्क कापले गेले असं म्हणायला तुमच्याकडे ठोस कारण असेल, तर प्रकरण परीक्षा विभागापुरतं राहत नाही. त्याबद्दल नवव्या टप्प्यात.

२. निकालाच्या दिवशीच करायची कामं

मुदत ऑनलाइन निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. छापील गुणपत्रिकेशी तिचा संबंध नाही. हे मी दोनदा सांगितलं असतं तरी कमीच पडलं असतं.

निकालाचं पान पीडीएफ करून ठेवा आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परीक्षा विभागाच्या परिपत्रकांत जाऊन तुमच्या परीक्षेचं छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाचं परिपत्रक शोधा. शेवटची तारीख, फी आणि अर्ज कुठे करायचा (विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून की कॉलेजच्या), या तीन गोष्टी वहीत लिहून काढा. ग्रुपवर कुणीतरी टाकलेल्या तारखेवर विसंबू नका. ती बऱ्याचदा मागच्या सेमिस्टरची असते.

तुमचं कॉलेज स्वायत्त असेल तर पेपर कॉलेजच काढतं आणि कॉलेजच तपासतं. मग अर्ज कॉलेजच्या परीक्षा नियंत्रकांकडे जातो. स्वायत्त कॉलेजच्या मुलांनी विद्यापीठात खेटे घालून आठवडा घालवलेला मी पाहिलाय.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

– हॉल तिकीट. प्रत्येक पेपरला पर्यवेक्षकांची सही होत असेल तर ती दिसणारं. परीक्षा संपली म्हणून ते टाकून देऊ नका. ‘एबी’ लागलं तर तुम्ही हजर होतात याचा तुमच्या हातातला पहिला पुरावा तोच असतो.
– पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक), बैठक क्रमांक, विषयाचा कोड (नावात घोटाळा होतो, कोडात होत नाही).
– प्रश्नपत्रिका. तिच्यावर त्या दिवशीच पेन्सिलने खूण केलेली असेल, की कुठला प्रश्न सोडवला आणि कुठला पुरवणीत, तर फारच उत्तम.
– परीक्षेचा अर्ज भरल्याची पावती.
– मागच्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका.
– कॉलेजने दिलेल्या इंटर्नलच्या याद्यांचे फोटो.

‘एबी’ लागलेल्यांनी यातलं हॉल तिकीट घेऊन त्याच दिवशी कॉलेजचा परीक्षा विभाग गाठावा. तुमच्या ब्लॉकच्या, म्हणजे परीक्षेच्या खोलीच्या, पर्यवेक्षकांच्या अहवालात हजर-गैरहजर बैठक क्रमांक आणि बारकोडच्या नोंदी असतात. कॉलेजने तो अहवाल जोडून विद्यापीठाला पत्र पाठवायचं असतं. त्या पत्राचा जावक क्रमांक मागून घ्या. “पाठवलंय” एवढ्यावर परत येऊ नका.

३. छायाप्रत मागवा

आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा तुमचा हक्क आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्यातली ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते, तिची प्रत घेता येते. परीक्षकाची ओळख मात्र उघड करायची नाही, असंही न्यायालयाने म्हटलं. त्यामुळे प्रतीवर परीक्षकाची सही-नाव झाकलेलं असेल. ते शोधत बसू नका. त्यातून तुमचं काहीच साधणार नाही.

पण पहिल्यांदा विद्यापीठाच्या स्वतःच्या छायाप्रत योजनेतूनच अर्ज करा. कारण साधं आहे. माहिती अधिकारात उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत तोवर थांबत नाही. छायाप्रत हातात आल्यावर पुनर्मूल्यांकनासाठी किती दिवस मिळतात तेही परिपत्रकात लिहिलेलं असतं. काही ठिकाणी छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करताच येत नाही, तर काही ठिकाणी दोन्ही एकदम करायची मुभा असते.

पैसे भरताना व्यवहार अडकला, खात्यातून गेले पण पावती आली नाही, असं झालं तर शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक जोडून त्याच दिवशी परीक्षा विभागाला ईमेल करा. फी परवडत नसेल तर कॉलेजात विचारा. मागासवर्गीय किंवा गरजू विद्यार्थ्यांसाठी काही ठिकाणी सवलत असते आणि ती कुणी आपणहून सांगत नाही.

४. छायाप्रत कशी वाचायची

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. छायाप्रत आली की मुलं पहिल्या पानावरचा एकूण आकडा बघतात, संतापतात आणि लगेच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज ठोकतात. तसं करू नका. एक संध्याकाळ राखून ठेवा. शेजारी प्रश्नपत्रिका, पाठ्यपुस्तक आणि कोरा कागद घ्या.

पहिली फेरी: ही माझीच आहे का? अक्षर, बैठक क्रमांक, पानांची संख्या बघा. पुरवण्या किती लावल्या होत्या आणि प्रतीत किती आल्या ते मोजा. स्कॅन करून तपासणी होते तिथे एखादं पान सुटू शकतं, दोन पानं चिकटून एकच स्कॅन होऊ शकतं. तपासणीच्या यंत्रणेत चुका होतात हे बोलायला संकोच नको. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला घेतल्या तेव्हा निकाल ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी पुढे गेले, आणि त्या ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्या काळात हजारो मुलांनी स्वतःच्या मार्कांवर प्रश्न विचारले आणि विचारणं बरोबरच होतं.

दुसरी फेरी: प्रत्येक उत्तरावर काही खूण आहे का? बरोबरची, चुकीची, मार्कांचा आकडा, काहीही. जिथे काहीच नाही त्या पानाचा क्रमांक लिहा. माझ्या पेपरात हेच सापडलं. चौथ्या प्रश्नाचा अर्धा भाग आणि पाचवा अख्खा प्रश्न पुरवणीत होता, आणि पुरवणीच्या चारही पानांवर लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. मुख्य उत्तरपत्रिकेच्या शेवटी मी ‘पुढील उत्तर पुरवणीत’ असं लिहिलेलं नव्हतं. तेवढी एक ओळ लिहिण्याची सवय लावून घ्या.

तिसरी फेरी: बेरीज. आतल्या पानांवरचे मार्क उपप्रश्नांनुसार कागदावर उतरवा, मग पहिल्या पानावरच्या तक्त्याशी ताडून पाहा. ‘कोणतेही तीन सोडवा’ अशा प्रश्नात तुम्ही चार सोडवले असतील तर कुठले तीन धरले तेही बघा. अशा वेळी काय करायचं याचा प्रत्येक विद्यापीठाचा नियम असतो, तो आधी वाचा.

चौथी फेरी: उत्तरं खरंच कशी आहेत? इथे स्वतःशी प्रामाणिक राहावं लागतं. महिनाभरापूर्वी लिहिलेलं उत्तर आपल्या डोक्यात जेवढं चांगलं असतं तेवढं कागदावर नसतंही. म्हणून विषयाच्या शिक्षकांना दाखवा. “सर, यात किती मार्क वाढतील?” असं विचारू नका, त्यांना अवघड होतं. “मॅडम, हे उत्तर तुम्ही तपासलं असतं तर किती दिले असते?” असं विचारा. आमच्या मॅडमनी पेन्सिलने बाजूला आकडे लिहून दिले होते आणि एका प्रश्नाला त्यांनी परीक्षकांपेक्षाही कमी दिले होते. त्यामुळेच बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसला.

पॉलिटेक्निकच्या मुलांना इथे एक मोठा आधार आहे. महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळ परीक्षेनंतर नमुना उत्तरं प्रसिद्ध करतं. त्यांच्या सुरुवातीलाच परीक्षकांसाठी सूचना असते, की उत्तर शब्दशः जुळण्याची गरज नाही, मुख्य शब्द पाहावेत. आपलं उत्तर त्या नमुन्याशेजारी ठेवून पाहा.

या चार फेऱ्यांनंतर एक छोटा तक्ता करा: प्रश्न क्रमांक, पान, मिळालेले मार्क, अपेक्षित मार्क, कारण. कारण एका ओळीत. पुढे जिथे जिथे लिहावं लागेल तिथे हाच तक्ता जोडायचा आहे.

५. पुनर्मूल्यांकन करायचं की नाही?

करायलाच हवं असं नाही. अर्ज करण्याआधी परिपत्रकात आणि विद्यापीठाच्या अध्यादेशात या गोष्टी बघा.

मार्क कमी झाले तर कमी झालेलेच धरले जातात का? अनेक ठिकाणी धरतात. काठावर पास असाल तर हा धोका खरा आहे.

किती फरक पडला तर बदल मान्य होतो? काही विद्यापीठांत ठरावीक टक्क्यांपेक्षा कमी फरक आला तर जुनेच मार्क कायम राहतात. म्हणजे दोन मार्क वाढूनही गुणपत्रिकेत काहीच बदलत नाही.

ग्रेड बदलेल का? हे तुम्ही स्वतः काढू शकता. समजा सेमिस्टर २२ क्रेडिटचं आहे आणि हा विषय ४ क्रेडिटचा. ग्रेड एका पायरीने वर गेली तर ४ भागिले २२, म्हणजे एसजीपीए (त्या सेमिस्टरची ग्रेडची सरासरी) सुमारे ०.१८ ने वाढेल. पदव्युत्तर प्रवेशाची किंवा प्लेसमेंटची अट काठावर असेल तर ०.१८ सुद्धा मोठं असतं. आणि मार्क वाढूनही ग्रेडची पायरी ओलांडली जात नसेल तर एसजीपीए जराही हलणार नाही.

माझं मत विचाराल तर: न तपासलेलं पान किंवा चुकलेली बेरीज सापडली तर एका मार्कासाठीसुद्धा अर्ज करा. ती चूक आहे आणि ती दुरुस्त झालीच पाहिजे. नापास झाला असाल आणि शिक्षकांच्या मते पास होण्याइतकं लिहिलेलं असेल तर नक्की करा. पण पास आहात, सगळं तपासलेलं आहे आणि निबंधवजा उत्तरांना सगळीकडेच थोडे कमी मार्क आहेत, तर फीचे पैसे आणि मनाची शांतता राखून ठेवलेली बरी. दुसरे परीक्षकही साधारण तिथेच येतात.

कुणी “आपली ओळख आहे, अमुक रुपये द्या, मार्क वाढवून देतो” म्हणालं तर तिथून उठून या. तो गुन्हा आहे. पैसे जातात ते जातातच, शिवाय सापडलात तर पदवीच धोक्यात येते.

६. अर्ज गेल्यावर थांबू नका

पुनर्मूल्यांकनाचा निकाल कधी लागेल याचा भरवसा धरून काहीही सोडू नका. सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे “मी पास होणारच आहे” म्हणून केटीच्या, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या, परीक्षेचा फॉर्म न भरणं. पुनर्मूल्यांकनाचा निकाल लांबला, किंवा मार्क वाढलेच नाहीत, तर हातातली परीक्षाही जाते. फॉर्म भरा, अभ्यास सुरू ठेवा. मी भरला होता. ती फी वाया गेली याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

पुढच्या वर्गात तात्पुरता प्रवेश मिळतो का, हे कॉलेजात लेखी विचारा. शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृह, बाहेरच्या प्रवेश परीक्षांची कागदपत्रं, जिथे जिथे निकाल लागतो तिथे ‘पुनर्मूल्यांकन प्रलंबित’ असल्याची पावती जोडा.

दर पंधरा दिवसांनी परीक्षा विभागाला एक छोटा ईमेल: अर्ज क्रमांक, तारीख, “सद्यस्थिती कळवावी”. फोनवर मिळालेलं उत्तर नंतर दाखवता येत नाही. विद्यापीठात प्रत्यक्ष गेलात तर सोबत लेखी अर्जाच्या दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन या. खिडकीमागच्या माणसाशी नीट बोला. आमच्या गावाहून विद्यापीठ एसटीने पाच तास. तिथे एका कर्मचारी काकूंनी जेवणाची सुट्टी अर्धी सोडून माझी फाईल काढून दिली होती. चूक त्यांची नसते, आणि शोधून तेच देऊ शकतात.

७. इंटर्नल आणि प्रॅक्टिकलचे मार्क

इथे पुनर्मूल्यांकनाची खिडकी नसते, म्हणून मुलं हताश होतात. पण इथे होणारी चूक बऱ्याचदा टंकलेखनाची असते. माझ्या रूममेटला इंटर्नलमध्ये २० च्या जागी ०२ आले होते. कॉलेजने पोर्टलवर मार्क भरताना अंक उलटे पडले होते. विद्यापीठाला ते कळणं शक्यच नव्हतं.

क्रम असा ठेवा: आधी विषयशिक्षक, मग विभागप्रमुख, मग कॉलेजचा परीक्षा विभाग, मग प्राचार्य. पहिल्या दोघांशी तोंडी, पुढे लेखी. अर्ज साधारण असा:

प्रति,
मा. प्राचार्य,
(महाविद्यालयाचे नाव)

विषय: सेमिस्टर ४ मधील (विषय व कोड) या विषयाचे अंतर्गत गुण दुरुस्त होणेबाबत.

महोदय / महोदया,
मी (नाव, वर्ग, पीआरएन, बैठक क्रमांक). दि. … रोजी जाहीर झालेल्या निकालात वरील विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनापुढे ०२ गुण दिसतात. दि. … रोजी विभागाच्या फलकावर लावलेल्या यादीत माझे गुण २० होते. त्या यादीचा फोटो व तपासलेल्या चाचणीची प्रत सोबत जोडली आहे. तरी मूळ गुणनोंद तपासून दुरुस्तीचा प्रस्ताव विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवावा व त्या पत्राची एक प्रत मला मिळावी, ही विनंती.

यात कुणावर आरोप नाही आणि नेमकं काय करायचं ते सांगितलेलं आहे. शेवटचं वाक्य, पत्राची प्रत मागणारं, गाळू नका. त्या एका वाक्यामुळे पत्र खरंच जातं.

आणि पुढच्या सेमिस्टरपासून: चाचणीचे तपासलेले पेपर, सह्या झालेली जर्नलची पानं, असाइनमेंट जमा केल्याचा ईमेल, सगळं निकाल लागेपर्यंत सांभाळा. यादी फलकावर लागली की फोटो काढा, मार्क चांगले असले तरी.

८. माहिती अधिकार कधी वापरायचा

छायाप्रतीची मुदत निघून गेली असेल, विद्यापीठ उत्तरच देत नसेल, किंवा उत्तरपत्रिकेखेरीज इतर कागद हवे असतील, तेव्हा. उशीर मात्र करू नका. विद्यापीठं उत्तरपत्रिका ठरावीक काळच जपून ठेवतात आणि तो काळ संपल्यावर नष्ट करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या त्या निकालातही हक्क त्या जतन-काळापुरताच धरलेला आहे.

अर्ज ‘जोडपत्र अ’ च्या नमुन्यात, विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. महाराष्ट्रात २०१२ च्या नियमदुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. प्रतींसाठी पानाला २ रुपये. मागणी अशी लिहा:

“(परीक्षा, महिना, वर्ष), विषय कोड …, बैठक क्रमांक … या माझ्या परीक्षेसंदर्भात पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: १) सर्व पुरवण्यांसह तपासलेली उत्तरपत्रिका. २) या विषयाची गुणदान योजना. ३) पर्यवेक्षक अहवालातील माझ्या बैठक क्रमांकाची नोंद असलेले पान. ४) उत्तरपत्रिका जतन करण्याच्या कालावधीचा नियम.”

‘मला कमी मार्क का दिले?’ असं विचारू नका. या कायद्यात अस्तित्वात असलेला कागद मागता येतो, कुणाचं स्पष्टीकरण मागता येत नाही, आणि ‘का’ने सुरू होणारा अर्ज त्याच कारणाने परत येतो.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, ‘जोडपत्र ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानेही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. आयोगाकडे वेळ लागतो, पण प्रथम अपिलाची नोटीस पोचली की पुष्कळदा कागद मिळतात.

माहिती अधिकाराने मार्क वाढत नाहीत, पुरावा मिळतो. तो घेऊन पुढे काय करायचं ते आधी ठरवून ठेवा.

९. तक्रार निवारण समिती आणि लोकपाल

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम अधिसूचित केले. त्यानुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणं बंधनकारक आहे आणि तिच्यात एक विद्यार्थी प्रतिनिधीही असतो. मूल्यमापनातल्या अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धती आणि निकालाला झालेला उशीर, या दोन्ही तक्रारी तिथे करता येतात. निकालाबद्दल सांगायचं तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि काही झालं तरी ४५ दिवसांत, निकाल लावायला सांगतो.

तक्रार ऑनलाइन करता येते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. सुनावणीला तुम्ही स्वतः जाऊ शकता किंवा प्रतिनिधी पाठवू शकता. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं आणि त्यांनी ३० दिवसांत ते निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो.

इथली मोठी खाच नीट लक्षात घ्या. फक्त ‘माझे मार्क वाढवा’ अशी मागणी लोकपाल ऐकून घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठरावीक अनियमितता किंवा भेदभावाचा ठरावीक प्रसंग दाखवावा लागतो. तुमचा चौथ्या टप्प्यातला तक्ता इथे कामाला येतो. ‘पुरवणीची चार पानं तपासलेली नाहीत, छायाप्रत जोडली आहे, दि. … च्या अर्जाला उत्तर नाही’ ही अनियमितता झाली. ‘पेपर कडक तपासला’ ही नाही.

भेदभावाची तक्रार असेल तर तारीख, वार, जागा, नेमके शब्द आणि त्या वेळी हजर असलेले लोक, हे घडल्या दिवशीच लिहून ठेवा. कॉलेजातल्या समान संधी कक्षालाही कळवा. मार्कांची भीती किंवा लालूच दाखवून कुणी लैंगिक स्वरूपाची मागणी केली, सूचक बोललं, एकटीला बोलावलं, तर हा मार्कांचा प्रश्नच राहत नाही. सरळ अंतर्गत तक्रार समितीकडे जा. तक्रार सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. एकटं जाऊ नका. विश्वासातल्या मॅडम, मैत्रीण, घरचं कुणीतरी सोबत न्या. मार्कांचं नंतर बघता येईल.

१०. कोर्ट

मुंबई उच्च न्यायालयात किंवा त्याच्या नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथल्या पीठांपुढे रिट याचिका करता येते. पण न्यायालयं स्वतः पेपर तपासत नाहीत. आपल्याच राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये म्हटलं होतं, की नियमात तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही. त्यामुळे नियम असून विद्यापीठाने पाळला नाही, उत्तरपत्रिका हरवली, वर्ष वाया जाण्याची वेळ आली, अशाच प्रकरणात तिकडे वळा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे माहीत असू द्या.

११. मार्क बदलल्यावर

पोर्टलवर नवे मार्क दिसले की काम संपत नाही. जुनी गुणपत्रिका कॉलेजात जमा करून सुधारित घ्यावी लागते. जमा करण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. माझे मार्क ४३ झाल्यानंतर सहाव्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेत पाचव्या सेमिस्टरचा जुना ‘एफ’ तसाच छापून आला होता आणि सीजीपीएच्या (सगळ्या सेमिस्टरच्या एकत्रित सरासरीच्या) रकान्यात आडवी रेघ. सुधारित निकालाची नोंद एकत्रित लेजरमध्ये चढलेलीच नव्हती. एम.एस्सी.च्या प्रवेशाला सहा दिवस राहिले होते. पुनर्मूल्यांकनाचं पत्र, सुधारित गुणपत्रिका आणि आधीचा आवक शिक्क्याचा अर्ज, हे तिन्ही एकत्र हातात होते म्हणून चौथ्या दिवशी दुरुस्ती झाली. तेव्हा सुधारित गुणपत्रिका हातात आली की एकूण सीजीपीए, डिजिलॉकरमधली प्रत आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधले क्रेडिट, तिन्हीकडे तोच आकडा दिसतोय का ते तपासा, आणि दिसत नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवा.